गरोदरपणी आणि अंगावर पाजताना पूरक औषधांची माहिती कशी शोधावी

सातवा महिना लागेपर्यंत गरोदर बाईच्या घरात औषधांचे एक स्वतंत्र फडताळ तयार झालेले असते. त्यात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोह-फॉलिक ॲसिडच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या असतात, आईने माहेरून पाठवलेला शतावरी कल्पाचा डबा असतो, नणंदेने ऑनलाइन मागवलेल्या कसल्याशा वनस्पतीच्या कॅप्सूल असतात आणि सासूबाईंच्या मैत्रिणीने हमखास गुणाची म्हणून दिलेली, वर नावगाव काही नसलेली चूर्णाची पुडीही असते. यांपैकी डॉक्टरांच्या गोळ्यांची नोंद दवाखान्याच्या फाइलमध्ये असते, उरलेल्यांची कोठेच नसते. आणि तपासणीच्या वेळी ‘आणखी काही घेता का?’ असे विचारले गेले तरी बहुतेक जणी ‘नाही’ म्हणून मोकळ्या होतात, कारण घरचे औषध हे औषधात मोजायचे असते असे त्यांना वाटतच नाही.

हा लेख त्या उरलेल्या वस्तूंविषयी आहे. आयुर्वेदिक, युनानी व होमिओपॅथिक औषधे, घरगुती काढे, वनस्पतींच्या कॅप्सूल, दूध वाढवणाऱ्या पावडरी आणि स्वतःच्या मनाने घेतलेली जीवनसत्त्वे, या सर्वांना येथे पूरक औषधे म्हटले आहे. काय घ्यावे आणि काय घेऊ नये याची यादी मी देणार नाही. तशा याद्या उदंड आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एखादी वस्तू हातात आल्यावर तिच्याविषयी भरवशाची माहिती कशी मिळवावी, कोणाला काय विचारावे आणि मिळालेले उत्तर कितपत धरून चालावे, एवढेच सांगायचे आहे.

आधी प्रश्न नीट बांधावा

‘मेथी चालते का?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर मिळते: ‘न चालायला काय झालं, आम्ही नाही का खाल्ली?’ उत्तर देणारी खोटे बोलत नसते. प्रश्नच इतका ढगळ असतो की त्यात कोणतेही उत्तर मावते.

मेथीची भाजी हा स्वयंपाक आहे. बाळंतिणीच्या लाडवात पडणारे दाणे ही त्याच्या पुढची पायरी. मात्र दूध वाढावे म्हणून दिवसातून तीन वेळा घेतलेल्या मेथीच्या कॅप्सूल हे सरळसरळ औषध आहे, कारण तेथे तीच वस्तू जेवणातल्यापेक्षा कितीतरी अधिक मात्रेत, नेमाने आणि एका ठरावीक परिणामासाठी घेतली जाते. मेथीने रक्तातील साखर उतरू शकते, त्यामुळे जिला इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत तिच्यासाठी या कॅप्सूलचा अर्थ वेगळा होतो. मेथी ही शेंगदाणा व हरभऱ्याच्या कुळातली, म्हणून त्यांची ॲलर्जी असणाऱ्या बाईने अधिक जपावे लागते. गरोदरपणी औषधी मात्रेतील मेथी टाळायला सांगतात ते गर्भाशयावर होऊ शकणाऱ्या परिणामामुळे. बाळंतपणानंतर ते कारण मागे पडते आणि बाळाच्या पोटाकडे लक्ष द्यावे लागते. आणखी एक गंमत अशी की मेथी घेणाऱ्या आईच्या घामाला व बाळाच्या लघवीला एक गोडसर वास येऊ शकतो; चयापचयाच्या एका दुर्मीळ आजारातही असाच वास येत असल्याने, मेथीची कल्पना नसलेले डॉक्टर बाळाच्या नसत्या तपासण्या सांगण्याची शक्यता असते. एका मेथीत इतके फाटे फुटतात, तेव्हा ‘चालते का’ या दोन शब्दांना उत्तर कोण आणि काय देणार?

म्हणून कोणालाही विचारण्यापूर्वी वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: नेमकी वस्तू कोणती व कोणत्या रूपात, किती मात्रा आणि किती दिवस, गरोदरपणाचा कितवा आठवडा किंवा बाळ किती दिवसांचे, घेण्याचे कारण काय, आणि सोबत दुसरे काय चालू आहे. असे लिहिले की प्रश्न आपोआप असा होतो: ‘बाळ पाच आठवड्यांचे आहे, दूध कमी पडते असे वाटते म्हणून मेथीच्या अमुक मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून तीन वेळा घेण्याचा विचार आहे, आणि मला मधुमेहाची गोळी चालू आहे.’ हा प्रश्न ऐकणाऱ्याला थातुरमातुर उत्तर देणे कठीण जाते.

आठवडा विचारात घ्यायचा तो अशासाठी की पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, आणि शेवटच्या आठवड्यांत गर्भाशय आकुंचनाच्या तयारीत असते. एरंडेलासारख्या वस्तूचा प्रश्न सहाव्या महिन्यात एक असतो आणि नववा भरल्यावर दुसरा. पाजणाऱ्या आईच्या बाबतीत बाळाचे वय तितकेच महत्त्वाचे असते, कारण पंधरा दिवसांच्या बाळाचे यकृत व मूत्रपिंड अजून कच्चे असतात आणि त्याचे सारे पोषण दुधावरच चाललेले असते, तर दीड वर्षाचे मूल दिवसातून दोनदाच पीत असते. बाळ दिवसांआधी जन्मलेले असेल तर तेही लिहावे.

कारणाचा रकाना भरताना पुष्कळदा पेन अडते. उलट्या, जळजळ, मलावरोध, दूध कमी येणे ही कारणे मोजता येतात. ‘शक्ती यावी’ हे कारण मोजता येत नाही, आणि ‘बाळ गोरे व्हावे’ या कारणाचा तर औषधाशी काहीच संबंध नाही. बाळाचा वर्ण आईबापांकडून येतो. केशर फक्त पैसे नेते.

नाव एक, वस्तू दोन

माहिती शोधताना पहिली ठेच नावाला लागते. बाळंतशेप म्हणजे शेपूचे बी, बडीशेप वेगळी. पण दुकानात ‘शेप द्या’ म्हटले की कोणती मिळेल याचा नेम नाही. ओवा हा स्वयंपाकघरातला, आणि खुरासनी ओवा हा धोतऱ्याच्या कुळातला विषारी. आपल्या औषध कायद्याच्या नियमांत आयुर्वेद, सिद्ध व युनानी पद्धतींतील विषारी द्रव्यांची जी अनुसूची ई(१) आहे, तिच्यात बिब्बा, गुंज, वचनाग, कुचला यांच्या रांगेत त्याचेही नाव आहे. गुळवेलीचे प्रकरण अनेकांना आठवत असेल: २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने घेतलेल्या आक्षेपांत एक असा होता की रुग्णांनी घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती का, हे तपासलेले नाही; तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेगळी वेल असते. वाद कोणी जिंकला हे बाजूला ठेवले, तरी घेणाऱ्याच्या हातात नेमके काय होते हे कोणालाच सांगता आले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

म्हणून वहीत मराठी नावासमोर शास्त्रीय नावही लिहून ठेवावे. ते बहुधा डब्यावर बारीक अक्षरांत असते, आणि नसल्यास वैद्यांना किंवा काष्ठौषधीच्या जाणत्या दुकानदाराला विचारावे. शतावरी म्हणजे ॲस्पॅरॅगस रेसिमोसस, ज्येष्ठमध म्हणजे ग्लायसिऱ्हायझा ग्लॅब्रा, अळीव म्हणजे लेपिडियम सॅटिव्हम. इंटरनेटवर शोधताना ही नावे रोमन लिपीत घातली की पाककृतींची गर्दी एकदम ओसरते आणि कामाची पाने वर येतात. वनस्पतीचा कोणता भाग वापरला आहे, म्हणजे मूळ, पान, बी की साल, हेही लिहावे.

बाटली हातात घेऊन

लेबल वाचणे हा माहिती मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. दशमूलारिष्टाची बाटली घेऊ, कारण बाळंतिणीच्या उशाशी ती हमखास असते. खिडकीपाशी उजेडात धरून ती फिरवत वाचावी. ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, औषधाचे शास्त्रोक्त नाव, ते ज्या ग्रंथातून घेतले त्याचा उल्लेख, घटकांची नावे व प्रमाण, बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक, तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख, हे सारे तेथे असायला हवे. मग एक ओळ अशी सापडते की जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही: औषधात स्वयंजनित मद्यार्क आहे, आणि पुढे टक्केवारी, बहुधा ५ ते १० च्या दरम्यान. आसवे व अरिष्टे आंबवूनच करतात, त्यामुळे यात गैर काहीच नाही. पण गरोदरपणी मद्यार्काची निर्धोक म्हणावी अशी मात्रा ठरलेली नाही, आणि पाजणाऱ्या आईलाही हे ठाऊक असले म्हणजे ती वेळ व मात्रा विचारून घेऊ शकते. साध्या उकळलेल्या बाळंतकाढ्यात हा प्रश्न येत नाही. नावे शेजारशेजारची असली तरी बाटल्या वेगळ्या, हे लेबलच सांगते.

ज्या औषधात अनुसूची ई(१) मधले द्रव्य असते, त्याच्या लेबलवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदी या दोन्ही भाषांत ठळक छापणे बंधनकारक आहे. ही सूचना दिसली की घरातल्या घरात निर्णय घ्यायचा नाही, एवढे तरी ठरवून टाकावे.

ग्रंथोक्त औषध आणि कंपनीने स्वतः जुळवलेले औषध यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकारात नाव आकर्षक असते, घटकद्रव्ये वीस-पंचवीस असतात आणि ग्रंथाचा संदर्भ एका ठरावीक पाठाला नसतो. दोन्हींना १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. परवाना हवाच, परंतु तो मिळाला म्हणजे गरोदर बायकांवर त्या औषधाची चाचणी होऊन ते निर्धोक ठरले, असा अर्थ काढू नये. तिसरा प्रकार खाद्यपदार्थ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींचा. त्यांच्यावर औषधाचा परवाना नसतो, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ आकडी क्रमांक असतो, आणि आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक डब्यांवर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असेही लिहिलेले असते. त्याच डब्याच्या जाहिरातीत दूध दुप्पट होण्याचे आश्वासन असेल, तर दोहोंपैकी कोणावर विश्वास ठेवायचा ते ज्याचे त्याने पाहावे.

सुट्ट्या पुडीला लेबलच नसते, म्हणजे माहितीही नसते. ती कितीही मोठ्या वैद्यांच्या नावावर आलेली असली तरी तिच्यापुरता शोध तेथेच संपतो: ती घेऊ नये. हे मी इतके ठाम लिहिते त्याला कारण आहे. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाला सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिशाचे विषारी प्रमाण आढळले, आणि त्या सहाही जणी भारतातून आणलेली आयुर्वेदिक म्हणवणारी औषधे घेत होत्या. त्याआधी २००८ साली ‘जामा’ या नियतकालिकात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली होती. त्यांतील सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे वारेतून बाळापर्यंत पोचते, आणि चवीला, वासाला वा रंगाला त्याचा पत्ता लागत नाही. तेव्हा भस्म, रस, सिंदूर, हिंगूळ, पारद असे धातू-खनिजे सुचवणारे शब्द औषधाच्या नावात वा घटकांत दिसले, तर आपल्या परिस्थितीची पूर्ण माहिती असलेल्या नोंदणीकृत वैद्यांखेरीज कोणाच्याही सांगण्यावरून ते औषध सुरू करू नये. आणि असे काही आधीच घेऊन झाले असेल, तर डॉक्टरांना सांगून रक्तातील शिशाची तपासणी करता येते.

कोणाला काय विचारावे

घरातल्या वडीलधाऱ्यांकडे एक मोठी ठेव असते: कोणता पदार्थ कसा करायचा, तो कितव्या दिवसापासून द्यायचा, कशाने त्यांना स्वतःला त्रास झाला. हे त्यांच्याकडून जरूर समजून घ्यावे. ‘तुम्ही घेतलं होतं का?’ एवढ्यावर न थांबता ‘किती, कितव्या दिवसापासून, आणि तेव्हा दुसरी काही औषधं चालू होती का?’ असे विचारले की आठवणी नेमक्या होत जातात. त्या काळी रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या बाळंतिणी आजच्याइतक्या नव्हत्या, हेही त्या ओघात निघते.

नको म्हणायचे असेल तेव्हा वाद घालण्यापेक्षा वही पुढे करावी. ‘आई, या पुडीत काय काय घातलंय ते सांगता का? लिहून घेते, म्हणजे सोमवारी तपासणीला मॅडमना दाखवता येईल,’ असे म्हटले की सासूबाईंचा मान राहतो आणि पुडीतल्या वस्तूंची नावेही मिळतात. माझ्या पाहण्यात तरी निम्म्या पुड्या याच टप्प्यावर मागे गेल्या आहेत, कारण ज्यांनी त्या दिल्या त्यांनाही आत काय आहे ते ठाऊक नव्हते.

मालीश करणाऱ्या मावशी आणि काष्ठौषधीचे दुकानदार यांना वस्तूची पारख असते. जुनी सुंठ आणि नवी सुंठ, भेसळीचे केशर आणि अस्सल केशर हे त्यांना विचारावे. तुमचे रिपोर्ट त्यांनी पाहिलेले नसतात, तेव्हा मात्रा त्यांना विचारू नये.

आयुर्वेदिक औषध घ्यायचेच असेल तर वैद्यांकडून घ्यावे, आणि वैद्य निवडताना बीएएमएस ही पदवी व महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडील नोंदणी पाहावी. प्रसूतितंत्र व स्त्रीरोग या विषयात पुढचे शिक्षण झालेले असेल तर उत्तमच. चांगल्या वैद्यांची एक साधी खूण आहे: औषध लिहिण्याआधी ते महिना, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी आणि चालू गोळ्या विचारतात. ‘आयुर्वेदात दुष्परिणाम नसतातच’ असे सांगणाऱ्याला स्वतःचे शास्त्र नीट ठाऊक नाही असे समजावे, कारण चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला काठोकाठ तेल भरलेल्या भांड्यासारखे, जराही हिंदकळू न देता जपावे असे सांगितले आहे आणि तिच्यावर तीक्ष्ण उपचार न करता मृदू, मधुर द्रव्यांनीच उपचार करण्याचा दंडक घातला आहे. जे शास्त्र इतकी खबरदारी घेते, ते औषधांना परिणाम असतो हे मानूनच घेते.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे अडचण वेगळी असते. बाहेर पंचवीस जणी बसलेल्या असतात, आणि उठता उठता दारापाशी ‘मॅडम, शतावरी घेतली तर चालेल ना?’ असे विचारले की ‘घ्या, काही होत नाही’ किंवा ‘सगळं बंद करा’ यांपैकी एक उत्तर मिळते. दोन्ही उत्तरे घाईची असतात. यावर उपाय असा की तपासणी सुरू होतानाच वही आणि बाटली, निदान लेबलचा स्वच्छ फोटो, टेबलावर ठेवावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: माझ्या चालू गोळ्यांना याने अडथळा येतो का, या महिन्यात याचा काही ज्ञात धोका आहे का, आणि घेतले तर काय दिसल्यावर लगेच थांबवावे. ‘याविषयी मला माहिती नाही’ असे उत्तर मिळाले तर ते प्रामाणिक आहे असे समजावे. त्या डॉक्टरांना पुढच्या वेळेपर्यंत पाहून सांगण्याची विनंती करता येते. सिझेरियन किंवा अन्य शस्त्रक्रिया ठरली असेल तर हीच यादी भूलतज्ज्ञांनाही दाखवावी.

औषधाच्या दुकानातील फार्मासिस्टला आपण फक्त सुट्टे पैसे मागतो, हे नुकसान आपलेच आहे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, थायरॉइडची गोळी या दोन्हींपासून चार तास दूर ठेवावी, इसबगोलाने दुसऱ्या औषधाचे शोषण मंदावू शकते, ही माहिती तो उभ्या उभ्या देऊ शकतो. आयुर्वेदिक लोहकल्प आणि दवाखान्याची लोहाची गोळी एकाच वेळी चालू असल्याचेही अनेकदा त्याच्याच लक्षात येते. खेड्यात हे काम आशाताई आणि उपकेंद्रातील परिचारिका, म्हणजे एएनएम, करतात. माता-बाल संरक्षण कार्डाच्या कोऱ्या जागेत त्यांच्याकडून पूरक औषधांची नोंद करून घ्यावी.

माझा स्वतःचा धडा ज्येष्ठमधाचा. दुसऱ्या खेपेला सहाव्या महिन्यात खोकला झाला, तेव्हा महिनाभर मी ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरून होते आणि शिवाय ज्येष्ठमध घातलेला काढा पीत होते, कारण तो आमच्या घरात सर्वांनाच देतात. रक्तदाब थोडा चढला तेव्हाही दोहोंचा संबंध मला सुचला नाही, आणि खरेच संबंध होता की नाही हे आजही सांगता येणार नाही. पुढे वाचनात आले की ज्येष्ठमधातील ग्लायसिऱ्हायझिन शरीरात पाणी व मीठ धरून ठेवते आणि रक्तदाब वाढवू शकते, आणि फिनलंडमध्ये, जेथे ज्येष्ठमधाच्या गोळ्या चवीने खातात, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरोदरपणी आठवड्याला ५०० मिलिग्रॅमहून अधिक ग्लायसिऱ्हायझिन पोटात गेलेल्या मातांची मुले साधारण बारा वर्षांची झाल्यावर बौद्धिक चाचण्यांत काहीशी मागे दिसली. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण तपासणीच्या वेळी मी ‘आणखी काही नाही’ म्हटले होते, ती चूक निश्चित माझी होती.

पडद्यावर शोधताना

रात्री दोन वाजता बाळाला घेऊन बसलेल्या आईच्या हातात फोन असतो, वैद्य नसतात. तेव्हा इंटरनेटवर शोधू नका असे सांगण्यात अर्थ नाही. कोठे शोधावे हे ठाऊक असणे अधिक उपयोगाचे.

अंगावर पाजतानाच्या प्रश्नांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा ‘लॅक्टमेड’ हा संग्रह विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात गोळ्यांबरोबर मेथी, बडीशेप, अश्वगंधा अशा अनेक वनस्पतींची स्वतंत्र पाने आहेत. शतावरी तेथे ‘वाइल्ड ॲस्पॅरॅगस’ या नावाखाली सापडते. स्पेनमधील बालरोगतज्ज्ञांचा ‘ई-लॅक्टान्सिया’ हा संग्रह धोक्याची पातळी रंगांनी दाखवतो. गरोदरपणाच्या प्रश्नांसाठी अमेरिकेचे पूरक व एकात्मिक आरोग्याचे राष्ट्रीय केंद्र, म्हणजे एनसीसीआयएच, वनस्पतींविषयी छोटी पाने प्रसिद्ध करते. अश्वगंधा गरोदरपणी टाळावी आणि पाजताना घेऊ नये, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे, आणि सुंठ किंवा आल्याच्या मळमळीवरील उपयोगाला काही आधार असल्याचेही सांगितले आहे. या सर्व पानांची भाषा इंग्रजी आहे. फोनवर भाषांतर करून वाचता येते, फक्त मात्रेचे आकडे आणि ‘नाही’ हा शब्द मूळ पानावर ताडून पाहावा, कारण यंत्राच्या भाषांतरात नेमके तेच निसटते.

वाचताना दोन वाक्यांत गल्लत होते. ‘धोका आढळला नाही’ म्हणजे कोणीतरी शोधले आणि सापडले नाही. ‘पुरेशी माहिती नाही’ म्हणजे कोणी पुरेसे शोधलेलेच नाही. आपल्याकडील बहुतेक वनस्पती दुसऱ्या रांगेत बसतात.

शतावरीचेच पाहा. १९९६ साली ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये आलेल्या चाचणीत शतावरीयुक्त औषधाने दूध वाढल्याचे दिसले नाही; २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, ६० मातांवरील दुसऱ्या चाचणीत शतावरीने प्रोलॅक्टिन हे दुधाशी निगडित संप्रेरक वाढल्याचे दिसले. विकणारा दुसरीचा दाखला देतो, विरोधक पहिलीचा. अशा वेळी एकेका चाचणीवर न जाता सर्व चाचण्या एकत्र तोलणारा आढावा शोधावा. दूध वाढवणाऱ्या औषधांवर कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा असा आढावा २०२० मध्ये आला. त्यात ४१ चाचण्या होत्या, आणि निष्कर्ष असा की काही वनस्पतींचा थोडा उपयोग होत असेलही, पण पुराव्याची खात्री फारच कमी आहे. एवढे वाचल्यावर शतावरी कल्प टाकून द्यावा असे नाही. त्याच्या भरवशावर बाळाला छातीशी नीट धरणे, वरचेवर पाजणे आणि बाळाचे वजन पाहणे मात्र सोडू नये.

समाजमाध्यमांवरच्या अनुभवांचे काय करावे? ते वाचावेत, पण एक हिशोब मनात ठेवावा. प्रसूतीनंतर साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दूध आपसूक भरून येते, म्हणून तिसऱ्या दिवशी सुरू केलेल्या कोणत्याही पावडरीला श्रेय मिळते. उलट्या बहुतेक जणींच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात ओसरतात, म्हणून त्याआधी घेतलेला शेवटचा उपाय रामबाण ठरतो. ‘मला तर लगेच गुण आला’ असे लिहिणारी खरेच सांगत असते. गुण कशाने आला हे मात्र तिला कळण्याचा मार्ग नसतो. चित्रफितीखाली सवलतीचा कोड दिसला की ती जाहिरात आहे, हे वेगळे सांगायला नको.

मुलगाच व्हावा म्हणून दिले जाणारे औषध या शोधात कधी ना कधी पुढे येते. बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणी बापाच्या शुक्राणूवरून ठरलेले असते, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात घेतलेल्या पुडीने ते बदलणे शक्य नाही. लिंगनिवडीला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशा औषधांचा बाळांतील जन्मजात व्यंगांशी संबंध दिसला आहे. याविषयी आणखी माहिती शोधत बसण्याची गरज नाही.

घेणे सुरू केल्यावर

सगळे विचारून झाले, डॉक्टरांनी वा वैद्यांनी होकार दिला आणि औषध सुरू केले, तरी वही मिटायची नाही. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी आणि तारीख लिहावी. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या तर त्रास कशाने झाला ते कधीच कळत नाही. पाजणाऱ्या आईने बाळाची शी, झोप, अंगावरचे पुरळ आणि दूध ओढण्याचा जोर यांवर आठवडाभर नजर ठेवावी. ज्या कारणासाठी औषध घेतले ते ठरलेल्या मुदतीत साधले नाही, तर मात्रा वाढवण्याऐवजी पुन्हा विचारायला जावे.

डोळे किंवा लघवी पिवळी होणे, अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर एकदम सूज, पोटातील बाळाची हालचाल मंदावणे, किंवा अंगावर पिणारे बाळ सुस्त पडून पिणे सोडणे, यांपैकी काहीही झाले तर औषध थांबवून थेट रुग्णालय गाठावे, आणि जाताना बाटली सोबत न्यावी. दुष्परिणामाची शंका असल्यास तो कळवताही येतो: भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषध-सतर्कता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे, आणि आयुष औषधांसाठी नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत राष्ट्रीय समन्वय केंद्र असून अनेक आयुर्वेद महाविद्यालयांतील केंद्रे त्याला जोडलेली आहेत. कळवताना बॅच क्रमांक विचारतात, म्हणून औषध संपले तरी बाळाला वरचे खाणे सुरू होईपर्यंत रिकामी बाटली टाकू नये.